स्मित-सहायकाची नेमणूक

काउंटर क्रमांक तीनवर बसणाऱ्या वरिष्ठ लिपिकांच्या चेहऱ्यावर गेल्या एकोणतीस वर्षांत स्मित आढळून आलेले नाही, असा शेरा वार्षिक तपासणीच्या अहवालात आला, तेव्हा दाखले कार्यालयात कोणालाही आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते स्वतः वरिष्ठ लिपिकांना; आणि तेही शेऱ्याचे नव्हे, तर शेऱ्यातील त्रुटीचे. त्यांची सेवा अठ्ठावीस वर्षे सात महिने झाली होती. सबब आकडा चुकीचा, आकडा चुकीचा म्हणून शेरा सदोष, आणि शेरा सदोष म्हणून तो आरंभापासूनच रद्दबातल, असा तीन पानी खुलासा त्यांनी त्याच दुपारी सादर केला.

कार्यालयात त्यांना सगळे पोटनियम म्हणत. ते माणूसघाणे नव्हते. काउंटर तीनवरून चुकीचा दाखला घेऊन कोणी परतला, असे कधी घडले नव्हते. परंतु दाखल्याला सही लागते, शिक्का लागतो, हसू नेमके कुठे लावायचे, हे त्यांना कोणी समजावून सांगू शकले नव्हते.

खुलाशाचे उत्तर आले नाही. आले ते ‘प्रसन्न सेवा अभियाना’चे परिपत्रक. त्यात म्हटले होते : ‘प्रत्येक कार्यालयाच्या दर्शनी भागात कामकाजाच्या वेळेत किमान एक हसतमुख चेहरा अखंड उपलब्ध असावा.’

साहेबांनी पोटनियमांना केबिनमध्ये बोलावले. साहेब प्रेमळ होते. वाईट बातमी ते नेहमी समोरच्याला बसायला सांगून देत.

“बसा. हा चेहरा तुमचा असणार. तुमचं काउंटर अगदी दारासमोर येतं.”

“हसायचं म्हणजे किती, साहेब? परिपत्रकात प्रमाण दिलेलं नाही.”

“दात दिसले की झालं.”

“त्यातले तीन मी मागच्या वर्षी काढून टाकलेत.”

“मग उरलेले दाखवा हो! तपासणी नऊ दिवसांवर आलीय.”

त्या संध्याकाळी पोटनियम घरातल्या आरशासमोर उभे राहून उरलेले दात दाखवण्याचा सराव करू लागले. त्यांची बायको शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. ती टेबलाशी बसून उत्तरपत्रिका तपासत होती. थोडा वेळ तिने दुर्लक्ष केले. मग पेन खाली ठेवले.

“कुठं दुखतंय का?”

“हसतोय.”

“असं होय! लग्नाच्या फोटोवाल्यानं अर्धा तास विनवण्या केल्या, तेव्हा हे सुचलं नाही ते.”

पोटनियमांनी आरशाचा नाद सोडला आणि हताशपणे टेबलावरचे पुस्तक पुढे ओढले. उघड्या पानावर एका विलक्षण प्राण्याचे चित्र होते. फिकट गुलाबी कांती, चार बुटके पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लाल कल्ले, मण्यासारखे बिनपापणीचे डोळे. आणि या कानापासून त्या कानापर्यंत, कान असते तर, पसरलेले निर्मळ हसू.

“हे कोण?”

“ॲक्सोलोटल. बेडकाच्या लांबच्या नात्यातला. गंमत म्हणजे हा कधी मोठाच होत नाही. बेडूकमाशाचा बेडूक होतो, याचं मात्र बाळपणच सरत नाही. जन्मभर पाण्यात, जन्मभर चिरंजीव.”

“आणि हसतो का?”

“हसत नाही हो तो. तोंडाची ठेवणच तशी. भूक लागली तरी असाच, घाबरला तरी असाच. उद्या मेला तरी असाच.”

पोटनियमांनी खिशातून परिपत्रक काढून पुन्हा वाचले. चेहरा कोणाचा असावा, याची व्याख्या त्यात कुठेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर अकरा पानी टिप्पणी हजर झाली. पोटनियमांच्या एकूण लेखनात तिला मानाचे स्थान द्यावे लागेल. कलम एक : चेहरा मानवी असावा असे बंधन परिपत्रकात नाही. कलम दोन : प्रस्तावित प्राणी रजा घेत नाही, चहाला जात नाही, बदलीसाठी अर्ज करत नाही. साहेबांना हे फार आवडले. फक्त एका शंकेने त्यांना घेरले.

“पण तपासणीस बाईंनी विचारलं की हे हसू खरं कशावरून, तर?”

त्यावर पोटनियमांनी जागच्या जागी कलम तीन लिहून काढले : ‘चेहऱ्यावरील स्मित हा त्या चेहऱ्याच्या धारकाच्या समाधानाचा पुरेसा व अंतिम पुरावा मानण्यात यावा.’ आणि कोणतीही शक्यता मोकळी सोडायची नाही या जन्मजात सवयीने कलम चारही जोडले : ‘सदर धारक कोणत्याही कारणास्तव अनुपलब्ध झाल्यास त्याचा कार्यभार प्रस्तावक कर्मचाऱ्याने जातीने सांभाळावा.’ असा प्रसंग येणारच नव्हता. पण कलमाविना मसुदा त्यांना उघड्या दारासारखा वाटे.

साहेबांनी सही केली. ‘स्मित-सहायक’ असे पद निर्माण झाले.

शोभेच्या माशांचा दुकानदार मात्र परिपत्रकांना जुमानणारा नव्हता. त्याने पोटनियमांना आपादमस्तक न्याहाळले.

“काका, खेळणं म्हणून नेत असाल तर नका नेऊ. याला गार पाणी लागतं. सोळा ते अठरा अंश. वीसच्या वर गेलं की हा कासावीस होतो, चोवीसला माझ्याकडे रडत येऊ नका. तळाला खडी टाकायची नाही, गिळतो आणि मरतो. पाण्याला ओढ कमी, उजेड कमी. पापण्या नाहीत बिचाऱ्याला, डोळे मिटणार कसे? लपायला एखादी कुंडी आडवी ठेवा. खायला गांडुळं. आणि टाकीतलं पाणी आधी दीड महिना मुरवायचं.”

“दीड महिना? रिकामी टाकी?”

“याच्या मलमूत्राचं विष होतं पाण्यात. ते पचवणारे जीवाणू फिल्टरमधल्या स्पंजात वस्तीला यावे लागतात. त्यांना वेळ लागतो.”

पोटनियमांना हे तत्काळ पटले. माणसाला नोकरीत कायम करण्यापूर्वी दोन वर्षे पारखतात. पाण्याला दीड महिना म्हणजे उलट सवलतच. पण तपासणी आठ दिवसांवर होती. शेवटी दुकानदाराने कुरकुरत स्वतःच्या जुन्या टाकीतला एक काळपट, बुळबुळीत स्पंज पिशवीत घालून दिला.

“हा जीव आहे टाकीचा. याला साबण लावाल तर हत्या कराल. कळलं?”

पोटनियमांनी या सर्व अटी क्रमांक घालून लिहून घेतल्या. त्यांना आयुष्यात प्रथमच असा माणूस भेटला होता, की ज्याच्या प्रत्येक नियमाला कारण होते.

टाकी काउंटर तीनच्या शेजारी बसली. तळ गुळगुळीत, कोपऱ्यात आडवी कुंडी, पाण्यात तापमापी. लोखंडी घडवंचीचा एक पाय आखूड असल्यामुळे टाकी किंचित डुगडुगत होती. नेमक्या जाडीची वस्तू शोधता तक्रारवही सापडली. ती पायाखाली सरकवताच टाकी स्थिर झाली, आणि त्या महिन्यात तक्रारी शून्यावर आल्या. अभियानाच्या यशाचा हा पहिला आकडा होता.

पोटनियम रोज सकाळी अर्धा तास आधी येत. चिमट्यात गांडूळ धरून पाण्यात सोडत. प्राणी कुंडीतून हळूच डोके काढी, विचार करी आणि गप्पकन गिळी. मग कल्ले हलवत त्यांच्याकडे पाहत राही. बायकोच्या बोलण्यातला ‘चिरंजीव’ हा शब्द पोटनियमांच्याही तोंडात केव्हा बसला, ते त्यांना कळले नाही. या दोघांत एक समजूत होती. एकाला हसू येत नव्हते, दुसऱ्याला ते टाळता येत नव्हते. पण चेहऱ्यावरून काही ठरवू नये, हे दोघांनाही ठाऊक होते.

तपासणीस बाई ठरल्या दिवशी आल्या. तासभर टाकीसमोर बसल्या, मग वाकल्या. त्यांच्या हाती छापील तक्ता होता.

“कुठं आहे सहायक?”

“कुंडीत आहे, मॅडम. दुपारी तो आत असतो.”

“आत म्हणजे? कामाच्या वेळेत?” त्यांनी घड्याळ पाहिले. “बारा ते एक मी इथं बसून आहे. या एका तासात मला स्मित दिसलेलं नाही. हा तुमचा विश्रांतिकक्ष काढून टाका.”

“मॅडम, ती त्याची गरज आहे. उजेड सोसत नाही त्याला.”

“बरी आठवण केलीत. उजेडही कमीच आहे. हसू असून उपयोग काय, दिसलं पाहिजे ना! वर एक दिवा लावून घ्या.”

कुंडी गेली. दिवा आला. चिरंजीव टाकीच्या ज्या कोपऱ्यात जाई, त्या कोपऱ्यात लख्ख उजेड असे. दाखल्यासाठी आलेली माणसे काचेशी गर्दी करत. चार महिने खेपा घालणारी एक म्हातारी म्हणाली, “काय बाई गोड हसतोय! माझं काम नाही झालं तरी चालेल.” साहेबांनी हे वाक्य फळ्यावर लिहून घेतले.

पुढच्या आठवड्यात कार्यालयात स्वच्छता मोहीम निघाली. पोटनियम एका दिवसाच्या प्रशिक्षणाला गेले होते. विषय ‘संवादातील प्रसन्नता’. परत येऊन पाहतात तो टाकी आरशासारखी चकचकीत. फिल्टरमधला काळपट स्पंज जंतुनाशकाने खसाखसा धुऊन पिवळाधमक झालेला.

“किती घाण होती त्यात!” सफाई पर्यवेक्षक अभिमानाने म्हणाला. “एक जंतू शिल्लक ठेवला नाही.”

चौथ्या दिवशी चिरंजीवाने गांडूळ नाकारले. पाचव्या दिवशी त्याचे कल्ले पुढे दुमडले, शेपटीच्या टोकाला आकडी पडली. दिव्याखालच्या पाण्याने पंचवीस अंश गाठले होते. तो पाण्यात अधांतरी तरंगत होता. आणि हसत होता.

पोटनियम केबिनमध्ये गेले. न सांगता बसले, यावरून प्रसंगाचे गांभीर्य लक्षात यावे.

“साहेब, दिवा काढायला हवा. कुंडी परत द्यायला हवी. पाणी थंड करायचं यंत्र हवं. तो मरतोय.”

साहेबांनी काचेतून बाहेर पाहिले. “मला तर मजेत दिसतोय.”

“ती तोंडाची ठेवण आहे, साहेब.”

“असं तुम्ही आज म्हणता.” साहेबांनी कपाटातून अकरा पानी टिप्पणी काढली आणि कलम तीनवर बोट ठेवले. “पुरेसा व अंतिम पुरावा. शब्द कोणाचे?”

पोटनियमांनी कलम पुन्हा वाचून पाहिले. अठ्ठावीस वर्षांत त्यांना स्वतःच्या मसुद्यात एकदाही चूक सापडली नव्हती, आणि आजही सापडत नव्हती. हेच भयंकर होते. ‘अंतिम’ हा शब्द तर त्यांनी वाक्याचा तोल साधावा म्हणून घातला होता.

“तरीही रीतसर अर्ज करा ना,” साहेब कळवळून म्हणाले. “मी काय शत्रू आहे का त्याचा? नमुना सात. सोबत पीडिताचं ताजं छायाचित्र.”

अर्ज गेला. छायाचित्र जोडले. तिसऱ्या दिवशी शेरा होऊन परत आला : ‘छायाचित्राचे अवलोकन केले. पीडित समाधानी दिसतो. अर्ज निकाली.’

त्या दिवसापासून पोटनियम घरून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पिशवीतून आणू लागले. दर दोन तासांनी एक बाटली टाकीत सोडायची, वितळलेली काढायची. अर्धे पाणीही ते रोज स्वतः बदलू लागले. पारा बावीसवर आला. चिरंजीवाने एक गांडूळ चघळून टाकून दिले. पोटनियमांना तेवढेही पुरले. पण मग तपासणीस बाईंचे पत्र आले : दर्शनी भागात बाटल्या तरंगताना दिसतात, त्यामुळे स्मितास अडथळा होतो. बाटल्या बंद झाल्या.

त्या संध्याकाळी जेवताना पोटनियमांनी ताट तसेच ठेवले.

“तो माझ्यामुळे तिथं आहे,” ते म्हणाले. “मला हसायचं नव्हतं, म्हणून मी त्याला बसवला.”

बायकोने त्यांचे ताट झाकून ठेवले. “अहो, मग घरी आणा त्याला. डब्यात गार पाणी घालू आणि फ्रिजमध्ये ठेवू. आजारी ॲक्सोलोटलला ठेवतात तसं. पाणी रोज बदलायचं. खालच्या कप्प्यातली भाजी मी काढते.”

“सरकारी पद आहे. ते असं उचलून आणता येत नाही.”

“एवढे नियम पाठ तुम्हाला! एखादा तरी जीव वाचवायच्या कामाचा असेल की नाही त्यात?”

होता. कलम चार. पोटनियमांना ते आठवत नव्हते, अशातला भाग नाही. गेले पाच दिवस ते त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

सकाळी त्यांनी एका ओळीचे पत्र दिले. त्यांच्या सेवेतील सर्वांत लहान पत्र. ‘स्मित-सहायक आजपासून अनुपलब्ध असून, कलम चारअन्वये त्यांचा कार्यभार मी स्वीकारत आहे.’ मग त्यांनी दोन्ही हात ओले केले, चिरंजीवाला अलगद डब्यात घेतले आणि बाहेर रिक्षात बसून राहिलेल्या बायकोच्या मांडीवर डबा ठेवला. पुन्हा आत येऊन ते खुर्चीत बसले. सफाई पर्यवेक्षकाने टाकीवरचा दिवा वळवून त्यांच्या चेहऱ्यावर धरला.

पोटनियम हसले.

सुरुवातीला ते पाहून एक मूल रडले. दुसऱ्या आठवड्यात रडणे थांबले. तिसऱ्या आठवड्यात माणसे रांगेत उभ्या उभ्या एकमेकांना कोपराने ढोसून दाखवू लागली. कामकाजाची वेळ साडेनऊ ते साडेपाच होती आणि परिपत्रकात ‘अखंड’ हा शब्द होता. जबडा दुखे. दिव्याने डोळ्यांतून पाणी येई. आलेल्या माणसांना वाटे, आनंदाश्रू. महिन्याभराने त्यांनी दुखण्याच्या रजेसाठी नमुना सात भरला. कामाच्या जागी काढलेले छायाचित्र सोबत जोडले. शेरा काय आला, हे सांगण्याची गरज नाही.

घरी मात्र वेगळाच कारभार होता. फ्रिजमधले चिरंजीव अठरा दिवसांत बरे झाले. तोवर दुकानदाराने आपल्या टाकीतला आणखी एक स्पंज दिला होता, यावेळी न कुरकुरता. नवी टाकी घराच्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात बसली. कुंडी आडवी ठेवली. कार्यालयातून सुटून आल्यावर पोटनियम टाकीसमोर पाट घेऊन बसत आणि चेहरा उतरवून ठेवत. चिरंजीव कुंडीतून डोके काढून त्यांच्याकडे पाही. त्याचे कल्ले सरळ होते, शेपटीची आकडी गेली होती. तो बरा आहे हे पोटनियम तेवढ्यावरून ओळखत. तोंडाकडे ते पाहतच नसत.

“आज फारच हसलात वाटतं,” बायको त्यांच्या जबड्याला गरम फडका लावत म्हणे.

“आठ तास. मध्ये जेवणाची सुट्टी. तीही हसत.”

वर्षअखेरीस कार्यालयाला अभियानाचे प्रथम पारितोषिक मिळाले. साहेबांनी पोटनियमांना बोलावून बसायला सांगितले.

“वरून विचारणा आलीय. अभियानाची व्याप्ती वाढवायची. नुसता कर्मचारी हसून भागणार नाही, आता नागरिकाचं हसूही मोजायचं. मसुदा तुम्हीच करावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. तुमची काही हरकत?”

पोटनियमांनी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले. परंतु अजून साडेपाच वाजले नव्हते.

“वा!” साहेब गहिवरून म्हणाले. “चेहऱ्यावरच दिसतंय.”

मसुदा तयार झाला. तो नेहमीप्रमाणे निर्दोष असून त्यात एकही पळवाट ठेवलेली नाही. त्यानुसार सदर योजना आता कार्यालयात येणाऱ्यांपुरती मर्यादित नाही. कार्यालयाविषयीचा कोणताही वृत्तान्त ऐकणाऱ्या, पाहणाऱ्या अथवा वाचणाऱ्या व्यक्तीसही ती लागू आहे.

प्रस्तुत वृत्तान्त वाचत असताना आपल्या चेहऱ्यावर एका किंवा अनेक ठिकाणी स्मित उमटले असल्यास त्याची नोंद घेण्यात आली आहे. कलम तीनअन्वये ते आपल्या समाधानाचा पुरेसा व अंतिम पुरावा आहे. सबब या व्यवस्थेविरुद्ध आपली काही तक्रार असल्यास ती निकाली काढण्यात येत आहे.